फ्रीझ लागल्यावर डेबियनमध्ये अनब्लॉक कसा मागायचा

डेबियन या लिनक्स प्रणालीचं नवं स्टेबल, म्हणजे सर्वांनी वापरायची पक्की आवृत्ती, साधारण दोन वर्षांनी येतं आणि त्याआधीचे काही महिने टेस्टिंगचं, म्हणजे ती आवृत्ती जिथे घडते त्या शाखेचं, दार टप्प्याटप्प्याने बंद होत जातं. यालाच फ्रीझ म्हणतात. एरवी अनस्टेबलमध्ये, म्हणजे नवे बदल आधी येतात त्या शाखेत, अपलोड केलेलं पॅकेज ठरावीक दिवस थांबून, तपासण्या पार करून आपोआप टेस्टिंगमध्ये जातं. फ्रीझच्या शेवटच्या टप्प्यांत तसं होत नाही. रिलीज टीममधल्या कुणीतरी तुमचा बदल वाचून त्याला परवानगी द्यावी लागते. ती परवानगी मिळवण्यासाठी जो बग नोंदवायचा, ती अनब्लॉक विनंती.

ज्यांनी नुकतंच एखादं पॅकेज सांभाळायला घेतलं आहे आणि ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पॅकेज बांधणं, चेंजलॉग लिहिणं आणि बग ट्रॅकरला मेल पाठवणं येतं असं धरलं आहे. आज्ञा, टॅग आणि पत्ते इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते रोमनमध्येच करायचे.

सुरुवातीलाच एक गोष्ट नीट लक्षात घ्या. विनंती वाचणारा माणूस स्वयंसेवक असतो, त्याच्यासमोर अशा विनंत्यांची रांग असते आणि तुमचं पॅकेज त्याने कधी वापरलेलंही नसतं. त्याच्या हातात फक्त दोन गोष्टी असतात: तुम्ही जोडलेला डिफ (जुन्या आणि नव्या सोर्समधला ओळीओळींचा फरक) आणि त्यासोबतच्या चार ओळी. या दोन गोष्टी वाचून त्याला 'यामुळे रिलीज बिघडणार नाही' अशी खात्री पटली पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

फ्रीझचा कोणता टप्पा चालू आहे?

नियम टप्प्यागणिक बदलतात, म्हणून आधी हे पाहा. डेबियन १३ म्हणजे ट्रिक्सीच्या वेळी १५ मार्च २०२५ ला ट्रान्झिशन आणि टूलचेन फ्रीझ लागला, १५ एप्रिलला सॉफ्ट, १५ मे रोजी हार्ड आणि २७ जुलैला फुल फ्रीझ. ९ ऑगस्टला रिलीज झालं. त्याआधीच्या बुकवर्मला फुल फ्रीझ २४ मे २०२३ ला लागला आणि १० जूनला रिलीज झालं. म्हणजे दोन्ही वेळा फुल फ्रीझपासून रिलीजपर्यंत जेमतेम दोन-अडीच आठवडे मिळाले. 'फुल फ्रीझमध्ये बघू' असं म्हणणाऱ्याच्या हाती किती वेळ उरतो, ते यावरून कळेल.

पहिल्या टप्प्यात नवी ट्रान्झिशन्स बंद होतात. लायब्ररीची आवृत्ती बदलून तिच्यावर अवलंबून असलेली डझनभर पॅकेजेस पुन्हा बांधायला लावणारे बदल आता करायचे नाहीत. कंपायलर आणि पॅकेज बांधायला लागणारी मूळ साधनंही इथेच गोठतात.

सॉफ्ट फ्रीझमध्ये पॅकेजेस अजून आपोआप जातात, पण त्या क्षणी टेस्टिंगमध्ये नसलेलं सोर्स पॅकेज आत येऊ शकत नाही. नवं पॅकेज तर नाहीच. एखाद्या गंभीर बगमुळे बाहेर काढलं गेलेलं जुनं पॅकेजही परत येत नाही. या टप्प्यात सर्वांत जास्त नुकसान याच नियमामुळे होतं. तुमच्या पॅकेजवर रिलीज-क्रिटिकल (रिलीज अडवण्याइतका गंभीर) बग असेल आणि पॅकेज ट्रॅकर या संकेतस्थळावर 'ऑटोरिमूव्हल'ची, म्हणजे टेस्टिंगमधून आपोआप काढून टाकण्याची, तारीख दिसत असेल, तर सगळी कामं बाजूला ठेवून आधी तो बग सोडवा. दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर निदान त्या बगवर काय चाललं आहे ते लिहा. बगवर हालचाल दिसली की काढून टाकण्याची तारीख पुढे सरकते.

हार्ड फ्रीझपासून अनब्लॉकचा विषय सुरू होतो. इथे पॅकेजेसचे दोन गट पडतात. 'की पॅकेजेस' म्हणजे इन्स्टॉलरला लागणारी, बऱ्याच यंत्रांवर असलेली, किंवा अशा पॅकेजेसना बांधण्यासाठी लागणारी. ती, तसंच ज्यांना धड ऑटोपीकेजीटेस्ट (बसवलेलं पॅकेज आपोआप तपासणाऱ्या चाचण्या) नाहीत अशी सगळी पॅकेजेस अनब्लॉकशिवाय हलत नाहीत. याउलट, की नसलेलं आणि ऑटोपीकेजीटेस्ट पार करणारं पॅकेज २० दिवस थांबून आपोआप जाऊ शकतं. मात्र 'सुपरफिशियल' अशी खूण असलेल्या चाचण्या, म्हणजे प्रोग्रॅम नुसता सुरू होतो की नाही एवढंच बघणाऱ्या, या सवलतीसाठी धरल्या जात नाहीत. फुल फ्रीझमध्ये ही सवलतही संपते आणि प्रत्येक पॅकेजला अनब्लॉक लागतो.

धोरणाचं पान प्रत्येक रिलीजला नव्याने लिहिलं जातं. मागच्या वेळचं पाठ असेल तरी रिलीज टीमच्या संकेतस्थळावरचं चालू पान एकदा पूर्ण वाचाच.

खरंच अनब्लॉक लागतो का, ते तपासा

पॅकेज ट्रॅकरवर तुमच्या पॅकेजच्या पानावर 'एक्सक्यूजेस' नावाचा भाग असतो. पॅकेजेस टेस्टिंगमध्ये हलवणारा प्रोग्रॅम ब्रिटनी, तो पॅकेज का अडलं आहे याची कारणं तिथे लिहितो. टर्मिनलवरून पाहायचं तर डेवस्क्रिप्ट्समधली ग्रेप-एक्सक्यूजेस ही आज्ञा आहे.

कारणं नीट वाचा, कारण प्रत्येक अडथळ्याला अनब्लॉक हा इलाज नाही. दिवस पुरे झालेले नाहीत असं लिहिलं असेल आणि पॅकेज २० दिवसांच्या सवलतीत बसत असेल, तर विनंती न करता थांबा. फक्त ते २० दिवस फुल फ्रीझच्या आत पुरे होतात का, हे कॅलेंडरवर मोजा. एखाद्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारावर) बिल्ड फसला असेल तर तो आधी दुरुस्त करावा लागेल. ऑटोपीकेजीटेस्टमध्ये 'रिग्रेशन', म्हणजे आधी पार होणारी चाचणी आता फसलेली, दिसत असेल, मग ते तुमच्या चाचणीत असो की तुमच्यावर अवलंबून असलेल्या दुसऱ्या पॅकेजच्या, तर त्याचं कारण शोधा. चाचणी कधी नेटवर्कच्या अडचणीमुळे फसते, कधी खरोखर तुमच्या बदलामुळे. रिलीज टीमलाही हेच पान दिसतं आणि लाल ओळ तशीच ठेवून पाठवलेली विनंती तिथेच अडकते.

नवख्यांना हमखास नडणारं एक कारण म्हणजे बायनरी अपलोड. स्वतःच्या यंत्रावर बांधलेल्या बायनरी फाइल्स अपलोड केल्या, तर त्या टेस्टिंगमध्ये जात नाहीत. डेबियनच्या बिल्डडींवर, म्हणजे पॅकेजेस आपोआप बांधणाऱ्या सर्व्हरांवर, बांधलेल्याच जातात. त्यामुळे अपलोड नेहमी सोर्स-ओन्ली करा. चूक झालीच असेल तर चेंजलॉगमध्ये नवी नोंद घालून पुन्हा सोर्स-ओन्ली अपलोड करणं हा सरळ मार्ग.

कोणता बदल चालतो, कोणता नाही

हार्ड आणि फुल फ्रीझमध्ये चालणारे बदल मोजकेच. रिलीज-क्रिटिकल म्हणजे क्रिटिकल, ग्रेव्ह किंवा सिरियस तीव्रतेच्या बगची नेमकी दुरुस्ती चालते. ऑप्शनल प्राधान्याच्या पॅकेजमधल्या इम्पॉर्टंट बगची दुरुस्तीही चालते, पण ती अनस्टेबलमार्गे करता येत असेल तरच. भाषांतरं आणि दस्तऐवजांतले बदल वरच्या दुरुस्त्यांसोबत जाऊ शकतात.

न चालणाऱ्या गोष्टींची यादी लांब आहे आणि त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी वाटतात. पॅकेज बांधायला वापरल्या जाणाऱ्या डेबहेल्पर या साधनाची कॉम्पॅट पातळी वाढवणं चालत नाही, कारण एका आकड्याने बिल्डची पद्धत आणि बायनरीतल्या फाइल्स दोन्ही बदलू शकतात. बायनरी पॅकेज नव्याने जोडणं, वगळणं किंवा त्याचं नाव बदलणं चालत नाही. फाइल्स एका बायनरी पॅकेजमधून दुसऱ्यात हलवल्या आणि कंट्रोल फाइलमधल्या ब्रेक्स-रिप्लेसेस या ओळी लिहिण्यात चूक झाली, तर जुन्या स्टेबलवरून अपग्रेड करताना पॅकेजेस बसवणारं डीपीकेजी मध्येच थांबतं. म्हणून तेही नको. पॅकेजिंगची शैली बदलणं, बिल्डचं साधन बदलणं, इतरांवर परिणाम करणारी अवलंबित्वं बदलणं, हे सगळं पुढच्या रिलीजसाठी ठेवा.

अपस्ट्रीमच्या, म्हणजे मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या, नव्या आवृत्तीबद्दल नेहमी विचारलं जातं. 'त्यात फक्त बगफिक्स आहेत' एवढं सांगून भागत नाही. अपस्ट्रीमने आठ बग सोडवले, त्यातला एक गंभीर आणि सोबत चाळीस फाइल्सची स्वच्छता, तर तो एक पॅच काढून जुन्या आवृत्तीवर लावा. बगफिक्सच्या शाखेतून आलेली, खरोखर छोटी आणि पूर्ण वाचता येण्याजोगी आवृत्ती असेल, तर कधीकधी मान्य होते. पण तिथेही विनंतीत प्रत्येक बदलाचं समर्थन तुम्हालाच करावं लागतं.

मराठी भाषांतरं करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. पॅकेज बसवताना विचारले जाणारे प्रश्न डेबकॉन्फ टेम्प्लेटमधून येतात आणि त्यांचं मराठी पॅकेजच्या डेबियन फोल्डरमधल्या पीओ उपफोल्डरात, एमआर डॉट पीओ या फाइलमध्ये असतं. हार्ड फ्रीझ लागल्यावर नुसत्या भाषांतरासाठी अनब्लॉकवर भिस्त ठेवू नका. सॉफ्ट फ्रीझच्या आधीच विशलिस्ट तीव्रतेचा, एल१०एन आणि पॅच हे टॅग लावलेला बग नोंदवून फाइल मेंटेनरकडे पोचवा. मेंटेनरांनीही दुसरी बाजू पाळायला हवी: फ्रीझमध्ये टेम्प्लेटच्या इंग्रजी मजकुराला हात लावू नये. एखादा स्वल्पविराम बदलला तरी त्या ओळीची सगळी भाषांतरं 'फझी' (पुन्हा तपासायला हवीत अशी) ठरतात आणि मराठीत प्रश्न वाचणाऱ्या माणसाला ती ओळ पुन्हा इंग्रजीत दिसू लागते.

डिफ तयार करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. समजा तुमच्या पॅकेजचं नाव 'दिनांक' आहे, टेस्टिंगमध्ये १.४-२ आहे आणि दुरुस्ती केलेली आवृत्ती १.४-३ आहे. कोणत्या शाखेत कोणती आवृत्ती आहे ते आधी आरमॅडिसन या आज्ञेने बघून घ्या. आठवणीवर विसंबू नका.

आता टेस्टिंगमधलं सोर्स पॅकेज उतरवा. त्यासाठी एपीटीच्या स्रोतांच्या यादीत टेस्टिंगची डेब-एसआरसी ओळ असावी लागते. मग डेबडिफ या आज्ञेला आधी जुनी डीएससी फाइल आणि नंतर नवी डीएससी फाइल द्या आणि जे बाहेर येईल ते एका फाइलमध्ये साठवा. क्रम उलटा झाला तर तुमची दुरुस्ती वजा झालेली दिसते.

तुलना नेहमी टेस्टिंगमधल्या आवृत्तीशीच करायची. मध्ये १.४-३ अपलोड झाली, ती कधी टेस्टिंगमध्ये गेलीच नाही आणि आता १.४-४ न्यायची आहे, तर डिफ १.४-२ पासून १.४-४ पर्यंतचा हवा. १.४-३ ते १.४-४ असा डिफ जोडला तर टेस्टिंगमध्ये शिरणारे निम्मे बदल वाचणाऱ्याला दिसतच नाहीत. रिलीज टीम स्वतः पडताळून पाहते. विसंगती सापडली की विनंती परत येते आणि पुढच्या वेळी तुमचा शब्द जरा जास्त तपासला जातो.

डिफ तयार झाला की तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः वाचा. प्रत्येक बदललेल्या ओळीसाठी चेंजलॉगमध्ये नोंद आहे का? प्रत्येक ओळ त्या बगसाठीच आहे का? बघायच्या ठरावीक जागा अशा: रॅप-अँड-सॉर्टने कंट्रोल फाइलमधल्या ओळींची बदललेली क्रमवारी, वाढवलेला स्टँडर्ड्स-व्हर्जन, पॅचेस नव्याने काढल्यामुळे त्यांच्या शीर्षात आणि ओळक्रमांकांत झालेला फरक, संपादकाने काढून टाकलेल्या मोकळ्या जागा. यातलं काहीही धोकादायक नाही, पण बारा ओळींची दुरुस्ती तीनशे ओळींत बुडते आणि वाचणाऱ्याला त्या तीनशेही वाचाव्या लागतात. हे सगळं गिटमध्ये वेगळ्या शाखेवर ठेवा, रिलीजनंतर घाला.

आपोआप तयार होणाऱ्या फाइल्समुळे डिफ फुगला असेल, उदाहरणार्थ कॉन्फिगर स्क्रिप्ट, तर पॅचयुटिल्समधल्या फिल्टरडिफने त्या वगळता येतात. मात्र काय वगळलं हे विनंतीत स्पष्ट लिहा. न सांगता गाळलेला डिफ हा अपुराच डिफ.

अपलोड आधी की विचारणा आधी?

दुरुस्ती सरळ असेल, बग गंभीर असेल आणि धोरणात बसत असेल, तर आधी अनस्टेबलमध्ये अपलोड करा. सगळ्या आर्किटेक्चरवर बिल्ड होऊ द्या आणि मग विनंती करा. वाचणाऱ्याचं काम यामुळे सोपं होतं, कारण बिल्ड आणि चाचण्यांचे निकाल त्याच्यासमोर असतात.

बदल मान्य होईल की नाही याबद्दल शंका असेल, तर आधी पूर्वपरवानगी मागा. बग तसाच नोंदवायचा, फक्त विषयात 'प्री-अप्रूव्हल' लिहायचं आणि अजून अपलोड केलेलं नाही हे मजकुरात सांगायचं. संमती मिळाली की बगला 'कन्फर्म्ड' टॅग लागतो आणि मग तुम्ही अपलोड करता. शंका असताना आधी अपलोड करून टाकणं महागात पडतं: नकार आला तर अनस्टेबलमध्ये नको असलेली आवृत्ती बसून राहते आणि पुढची खरी दुरुस्ती न्यायला तीच आड येते.

स्वतःला अपलोडचा हक्क नसेल तर प्रायोजक, म्हणजे तुमच्या वतीने अपलोड करणारा डेव्हलपर, लागतो. पॅकेज मेंटॉर्सच्या संकेतस्थळावर ठेवा, 'स्पॉन्सरशिप-रिक्वेस्ट्स' या छद्म-पॅकेजवर (फक्त बग नोंदवण्यासाठी ठेवलेल्या नावावर) बग नोंदवा आणि फ्रीझमध्ये कोणता रिलीज-क्रिटिकल बग सुटतो आहे ते पहिल्याच ओळीत सांगा. अनब्लॉकचा मजकूर तयार ठेवा, म्हणजे अपलोड झाल्यावर तुम्ही स्वतः तो पाठवू शकता.

दुसऱ्याच्या पॅकेजमधला गंभीर बग सोडवत असाल तर ते एनएमयू, म्हणजे मेंटेनर नसलेल्याने केलेलं अपलोड. आवृत्ती १.४-२ वरून १.४-२.१ होते आणि नमूडिफने पूर्ण डिफ मूळ बगवर पाठवायचा असतो. डेव्हलपर्स रेफरन्समध्ये थांबण्याची मुदत दिली आहे. रिलीज-क्रिटिकल बग सात दिवसांहून जुना असेल, गेल्या सात दिवसांत त्यावर मेंटेनरची काहीच हालचाल नसेल आणि दुरुस्ती चालू असल्याची खूणही नसेल, तर लगेच अपलोड करता येतं. बग सात दिवसांहून जुना आहे पण हालचाल आहे, तर डिलेड रांगेत, म्हणजे अपलोड ठरावीक दिवस रोखून ठेवणाऱ्या रांगेत, दोन दिवस. सोबत इम्पॉर्टंट बगही सोडवत असाल तर पाच, बाकी सगळ्याला दहा.

विनंती नोंदवणं

रिपोर्टबग ही आज्ञा द्या आणि पॅकेजचं नाव म्हणून 'रिलीज डॉट डेबियन डॉट ऑर्ग' लिहा. हे खरं पॅकेज नाही, रिलीज टीमच्या कामाचं छद्म-पॅकेज आहे. कोणत्या प्रकारची विनंती असं विचारल्यावर 'अनब्लॉक' निवडा, मग सोर्स पॅकेजचं नाव द्या. बायनरीचं नाव देण्याची चूक वारंवार होते. दोन्ही वेगळी असतील तर लक्ष ठेवा. विषय आपोआप 'अनब्लॉक: दिनांक/१.४-३' अशा ठशाचा तयार होतो आणि संपादकात साचा उघडतो. साचा पुसून स्वतःचं पत्र लिहू नका. त्यातले मथळे वाचणाऱ्यांच्या सवयीचे असतात.

रिपोर्टबग चालवता येत नसेल तर 'सबमिट ॲट बग्ज डॉट डेबियन डॉट ऑर्ग' या पत्त्यावर साधा मजकुरी मेल पाठवता येतो. मग पॅकेज, सिव्हिरिटी, युजर आणि युजरटॅग्ज या ओळी मजकुराच्या अगदी वर हाताने लिहाव्या लागतात. युजर म्हणजे 'रिलीज डॉट डेबियन डॉट ऑर्ग ॲट पॅकेजेस डॉट डेबियन डॉट ऑर्ग', आणि युजरटॅग 'अनब्लॉक'. युजरटॅग राहिला तर तुमचा बग अनब्लॉकच्या यादीत दिसतच नाही आणि तुम्ही उगाच वाट बघत बसता.

मजकूर इंग्रजीत लिहायचा. 'दिनांक' या कल्पित पॅकेजसाठी त्याचा आशय असा असेल:

कारण: महिन्याच्या ३१ तारखेला 'पुढचा महिना' विचारला तर प्रोग्रॅम कोसळतो आणि साठवलेली फाइल रिकामी होते. ग्रेव्ह बग, क्रमांक अमुक. अपस्ट्रीमची एक कमिट घेऊन पॅच केला आहे.

परिणाम: अनब्लॉक न मिळाल्यास वापरणाऱ्यांच्या नोंदी पुसल्या जातील. दुसरं कोणतंही पॅकेज यावर अवलंबून नाही.

चाचण्या: अपस्ट्रीमच्या चाचणीसंचात या तारखेची नवी चाचणी आहे, ती बिल्डच्या वेळी चालते आणि पार होते. ऑटोपीकेजीटेस्ट सर्व आर्किटेक्चरवर हिरव्या. टेस्टिंगवरच्या यंत्रावर जुन्या आवृत्तीत बग दिसला, नव्यात दिसत नाही, असं हाताने तपासलं.

धोका: एका फंक्शनमध्ये नऊ ओळी. तारीख मोजण्याचा बाकी भाग तसाच. की पॅकेज नाही.

तपासयादीत तीन चौकोन असतात: सर्व बदल चेंजलॉगमध्ये आहेत, मी सर्व बदल वाचले आणि मला ते मान्य आहेत, टेस्टिंगमधल्या आवृत्तीशी तुलना करणारा डेबडिफ जोडला आहे. खूण करण्याआधी तिन्ही खरोखर तपासा. शेवटी 'अनब्लॉक दिनांक/१.४-३' ही ओळ स्वतंत्र राहू द्या, ती वाचणाऱ्याला थेट उचलता येते.

'धोका' या मथळ्याखाली 'काही नाही' असं लिहिलेलं बऱ्याचदा दिसतं. ते टाळा. प्रत्येक बदलात काहीतरी बिघडू शकतं. काय बिघडू शकतं आणि ते घडण्याची शक्यता कमी का, हे दोन वाक्यांत सांगितलं की लिहिणाऱ्याने विचार केला आहे हे दिसतं. बदल गुंतागुंतीचा असेल तर तसं मोकळेपणाने लिहा आणि पर्याय का सोडले तेही सांगा. डिफ फाइल म्हणून जोडा, मजकुरात चिकटवू नका. मेलमध्ये ओळी तुटतात आणि डिफ वाचण्यालायक राहत नाही.

पॅकेजमधून यूडेब तयार होत असेल, म्हणजे ते इन्स्टॉलरमध्ये वापरलं जात असेल, तर इन्स्टॉलरच्या लोकांचीही संमती लागते आणि वेगळी 'अनब्लॉक-यूडेब' हिंट (रिलीज टीमने ब्रिटनीला दिलेली सूचना) द्यावी लागते. विनंतीत हे आधीच सांगा आणि डेबियन-बूट यादीला प्रत पाठवा.

विनंतीनंतर

उत्तर तीनपैकी एका रूपात येतं. मान्य झालं तर रिलीज टीममधला सदस्य ब्रिटनीसाठी अनब्लॉकची हिंट टाकतो आणि अनेकदा त्याच वेळी बग बंद करतो. पॅकेज पोचलं असा याचा अर्थ नाही! थांबण्याचे दिवस अजून मोजले जातात, चाचण्या अजून पार व्हाव्या लागतात. घाईचं कारण असेल तर दिवस कमी करणारी 'एज-डेज' हिंट मिळू शकते, पण ती का हवी ते सांगावं लागतं. पॅकेज टेस्टिंगमध्ये दिसेपर्यंत एक्सक्यूजेसवर नजर ठेवा.

हिंट नेमक्या आवृत्तीला बांधलेली असते. १.४-३ ला अनब्लॉक मिळाला आणि ती पोचायच्या आत तुम्ही 'छोटीशी आणखी एक दुरुस्ती' म्हणून १.४-४ अपलोड केली, तर मिळालेली परवानगी निरुपयोगी ठरते, दिवस शून्यापासून मोजले जातात आणि विनंती नव्याने करावी लागते. आधीची आवृत्ती पोचेपर्यंत अपलोडला हात लावू नका.

दुसरं रूप म्हणजे 'मोअरइन्फो' टॅग. प्रश्न विचारला आहे आणि चेंडू तुमच्याकडे आहे. हा टॅग असेपर्यंत तुमचा बग त्यांच्या कामाच्या यादीबाहेर राहतो, म्हणून उत्तरासोबत तो काढायलाच हवा: उत्तराच्या पहिल्या ओळीत 'कंट्रोल', अपूर्णविराम, मग 'टॅग्ज', उणे एक, उणे चिन्ह आणि 'मोअरइन्फो'. पूर्वपरवानगीच्या बगवरही हाच टॅग लावून ठेवलेला असू शकतो. तिथे तो अपलोड आणि बिल्ड झाल्यावर काढायचा. उत्तर दिलं, टॅग काढायचा राहिला आणि आठवडे निघून गेले, असं वारंवार होतं.

तिसरं रूप नकार. त्यावर वाद घालण्याआधी कारण पुन्हा वाचा. बहुतेक वेळा हरकत दुरुस्तीला नसते, तिच्यासोबत आलेल्या जास्तीच्या बदलांना असते. ते काढून नेमका डिफ पाठवला की तोच बदल मान्य होतो. काही दिवस उत्तरच आलं नाही तर त्याच बगवर एकदा नम्रपणे विचारा. सदस्यांना वैयक्तिक मेल पाठवू नका, कारण रांगेतला दुसरा सदस्य तो वाचू शकत नाही.

अनस्टेबल पुढे निघून गेलं असेल तर

टेस्टिंगमध्ये १.४-२, अनस्टेबलमध्ये मात्र २.०-१ आणि बग दोन्हीत. २.०-१ ला अनब्लॉक मिळणार नाही. मग दोन वाटा उरतात.

पहिली आणि बरी: अनस्टेबल मागे न्या. १.४ चा सोर्स दुरुस्तीसह '२.०+रिअली१.४-१' अशा आवृत्तीने अपलोड करा. डीपीकेजीच्या तुलनेत हा आकडा २.०-१ पेक्षा मोठा ठरतो, पण आतला माल १.४ चा असतो. नाव कुरूप आहे, पण ते कायमचं नाही, २.०.१ आली की आपोआप मागे पडतं. यासाठी ईपॉक (आवृत्तीच्या आधी जोडला जाणारा आकडा) वापरू नका, कारण तो एकदा लावला की कधीच निघत नाही. अर्थात ही वाट तेव्हाच चालते, जेव्हा दुसरी पॅकेजेस २.० वर विसंबायला लागलेली नसतात.

दुसरी वाट टेस्टिंग-प्रपोज्ड-अपडेट्सची. तिथे १.४-२ वर दुरुस्ती लावून १.४-२+डेब१३यू१ अशा ठशाची आवृत्ती थेट टेस्टिंगसाठी अपलोड होते. पूर्वपरवानगी आधी घ्यावीच लागते. रिलीज टीमला ही वाट आवडत नाही आणि त्याचं कारण रास्त आहे: अनस्टेबल वापरणाऱ्या हजारो लोकांच्या हाताखालून ते पॅकेज जातच नाही, त्यामुळे चूक असेल तर ती सरळ टेस्टिंगमध्ये उतरते.

असाच प्रसंग लायब्ररीमुळेही येतो. तुमचं पॅकेज अगदी साधं असतं, पण अनस्टेबलमध्ये बांधताना ते तिथल्या नव्या लायब्ररीवर अवलंबून होतं आणि ती लायब्ररी टेस्टिंगमध्ये जाणार नसते. मग तुमचीही दुरुस्ती अडकते. म्हणूनच फ्रीझमध्ये अपस्ट्रीमच्या नव्या आवृत्त्या एक्सपेरिमेंटल या वेगळ्या शाखेत टाकण्याचा आग्रह धरला जातो. तुम्ही सांभाळत असलेली लायब्ररी अनस्टेबलमध्ये पुढे नेली, तर त्याचा फटका ज्यांना बसतो, त्यांना तुम्ही ओळखतही नसता.

मुदत हुकली तर

रिलीजच्या आधी शेवटच्या विनंत्या कधीपर्यंत घेतल्या जातील हे डेबियन-डेव्हल-अनाउन्स यादीवर जाहीर होतं. त्यानंतर फक्त रिलीज अडवू शकणाऱ्या गोष्टी बघितल्या जातात. तुमचा बग त्यात बसत नसेल तर विनंती रेटू नका. ती पॉइंट रिलीजसाठी, म्हणजे स्टेबलमध्ये नंतर येणाऱ्या दुरुस्त्यांच्या छोट्या आवृत्तीसाठी, वळवा. ट्रिक्सीची पहिली पॉइंट रिलीज १३.१ ही ६ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे रिलीजनंतर चार आठवड्यांनी आली. त्यासाठी बग त्याच छद्म-पॅकेजवर नोंदवायचा, पण प्रकार वेगळा निवडायचा: रिलीजचं नाव आणि त्यापुढे 'पीयू'. डिफ मग स्टेबलमधल्या आवृत्तीशी हवा. बग आधी अनस्टेबलमध्ये सुटलेला असावा लागतो, आणि बदल आहे तसा मान्य होईल याची खात्री नसेल तर अपलोड करण्याआधी संमतीची वाट बघावी. सुरक्षेचा प्रश्न असेल तर आधी सुरक्षा टीमला विचारा, ती दुरुस्ती त्यांच्यामार्फत जाते का ते ठरवतात.